डिसेंबरचे पाहुणे

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चंद्रपुरातल्या कुठल्याही चर्चच्या मागच्या खोलीत डोकावून पाहा. एका कोपऱ्यात कागदी चांदण्या, दुसऱ्यात गव्हाणीसाठी आणलेली तणीस आणि मधोमध ब्लँकेटचे गठ्ठे. करड्या नाहीतर मरून रंगाची ही ब्लँकेटे पानिपतची असतात, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा विणलेली. अंगाला टोचतात, पण ऊब देतात. तरुण संघाची पोरे गठ्ठे मोजतात, महिला मंडळ चिवड्याच्या पुड्या बांधते, पाळकसाहेब वहीत गावांची नावे लिहून खोडतात. यंदा एटापल्लीकडे जायचे की भामरागडकडे? आलापल्लीच्या पुढे सुरजागडच्या खनिजाचे ट्रक, परतायला रात्र होईल, तर गाडी सहालाच काढायची का? बायामाणसे सोबत घ्यायची की नाही? केक गावात कापायचा की परतल्यावर? ही चर्चा दरवर्षी होते आणि दरवर्षी निघायला नऊ वाजतात.

मी असल्याच एका खोलीत लहानाचा मोठा झालो. गठ्ठे मोजले, पुड्या बांधल्या, मेंढपाळ होऊन डोक्याला टॉवेल गुंडाळला. काही वर्षांपूर्वी अशाच एका गाडीतून एका गावात गेलो. अकराला पोहोचू असे कळवले होते, पोहोचलो साडेतीनला. लोक मळणी टाकून सकाळपासून शाळेच्या ओट्यावर बसलेले. आम्ही भराभर रांग लावली, नावे पुकारली, प्रार्थना केली, फोटो काढले. एका म्हातारीने ब्लँकेट काखेत मारले आणि ती घराकडे चालती झाली. आम्ही गाडीत चढत होतो तेव्हा ती परत आली. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात उकडलेल्या वालाच्या शेंगा, अजून वाफ निघत होती. आमच्यातला एकजण म्हणाला, ‘‘आजी, उशीर झाला, पुढच्या वेळी.’’ गाडी सुटली. मागच्या काचेतून ती द्रोण धरून उभी असलेली बराच वेळ दिसत राहिली. तो ‘उशीर झाला’ म्हणणारा मीच.

त्या दिवशी आम्ही दीडशे ब्लँकेटे दिली आणि एक द्रोण नाकारला. हिशेबाच्या वहीत पहिली नोंद झाली, दुसरी झाली नाही. माझे सगळे म्हणणे त्या न झालेल्या नोंदीविषयी आहे. नाताळच्या दिवसांत जंगलातल्या गावांकडे जाणारी आमची मंडळी आपण यजमान आहोत आणि गाव पाहुणे आहे अशा थाटात जाते. गाव त्यांचे, ओटा त्यांचा, दिवस त्यांच्या मळणीचा. यजमान मात्र आम्ही. ही उलटापालट आम्हाला जाणवतसुद्धा नाही.

लूकच्या शुभवर्तमानातली जन्मकथा आम्हाला तोंडपाठ असते, म्हणूनच बहुधा ती ऐकू येत नाही. मराठीला ती परकी नाही. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, पण फादर स्टीफन्सचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, म्हणजे गव्हाणीतले बाळ मराठीत बोलायला लागून चारशे वर्षे झाली. काय आहे त्या कथेत? सरकारने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून दिवस भरलेल्या बाईला घेऊन एक सुतार परगावी निघतो. उतरायला जागा मिळत नाही. बाळ जनावरांच्या गव्हाणीत ठेवावे लागते. रात्री कळपाची राखण करणारे मेंढपाळ येतात, पाहतात आणि परत कामावर जातात. त्यांनी काही आणल्याचे लूकने लिहिलेले नाही. भेटवस्तू आणणारे मागी मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत, आणि त्यांच्याबद्दलची अडचणीची गोष्ट आम्ही नाटुकल्यात गाळतो. त्या ज्ञानी लोकांनी वाट विचारायला राजा हेरोदाचे शहर निवडले. हेरोद सावध झाला आणि त्याची किंमत बेथलेहेमच्या लेकरांनी मोजली. संडे स्कूलमध्ये मागी व्हायला पोरांची भांडणे लागतात, कारण त्यांना झगमगीत झगा आणि पुठ्ठ्याचा मुकुट मिळतो. मेंढपाळ व्हायला उरलेली पोरे. मोठेपणी आम्ही गाडी काढतो तेव्हाही झगा तोच असतो.

मराठीत एक नेमका शब्द आहे: मिंधेपण. उपकार अंगावर घेतलेल्या माणसाची मान जी खाली जाते, ती. दान देणाऱ्याला ते दिसत नाही, कारण तो समोरच्याची वाकलेली मान नम्रता म्हणून वाचतो. शेजारच्या गडचिरोलीतल्या या गावांना मिंधेपणाची ओळख फार जुनी आहे. हिवाळा आला की ब्लँकेट घेऊन फक्त चर्चच येत नाही. पोलिसांचा जनजागरण मेळावा होतो, तिथे ब्लँकेट. कंपनीच्या सामाजिक निधीतून शिबिर होते, तिथेही. निवडणूक जवळ असली तर पुढारी घेऊन येतो. घेणाऱ्याच्या बाजूने विचार करा. ब्लँकेटे सगळी सारखीच टोचतात, आणि प्रत्येकामागे न बोललेले काहीतरी असते. एकाला खबर हवी, दुसऱ्याला जनसुनावणीत होकार हवा, तिसऱ्याला मत हवे. या रांगेत चर्च येऊन उभे राहिले, तर याला काय हवे, असे गावाने मनात म्हटले तर त्यात चूक काय?

हा प्रश्न आमच्या भागात दीडशे वर्षांहून जुना आहे. १८४५ मध्ये नागपूरला आलेला स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी गोंडांच्या भाषेची, चालीरीतींची, त्यांचा आद्यपुरुष लिंगो याच्या कथेची टिपणे घेत राहिला. १८६३ मध्ये तो नदीत बुडून वारला आणि ती टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली. हिस्लॉप धर्मप्रसारासाठीच आला होता, हे लपवायचे कारण नाही. पण त्याच्या कागदांमुळे गोंडांची एक मौखिक कथा छापील शब्दात उतरली, आणि ती उतरली कारण त्याने आधी ऐकून घेतले. पुढे चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन उभे राहिले. तिथे काम केलेल्या अलेक्झांडर वुड यांनी १९०६ मध्ये त्या कामावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘इन अँड आऊट ऑफ चांदा’. चांद्यात आत-बाहेर. लेखकाने सहज दिलेले नाव असेल, पण आमच्या गाडीच्या बोनेटवर लावायला याहून बरी पाटी सापडणार नाही.

हेच वुड १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झाले. त्यांच्या कारकिर्दीत व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण धर्मगुरू पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आणि गांधींच्या सहवासातून निघून, शामराव हिवाळे या मराठी सोबत्याबरोबर १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजिया या गोंड गावात राहायला गेला. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांचा आश्रम सगळे करायचे, पण गोंडांना ख्रिस्ती करायचे नाही, असे त्याचे मत झाले होते. त्यातच काँग्रेसशी जवळीक. बिशप वुड यांनी त्याला धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना दिला नाही आणि काही वर्षांत एल्विनने चर्चच सोडले. या गोष्टीत वुडना खलनायक करण्याची मला घाई नाही. चांद्याच्या उन्हापावसात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली होती. आणि एल्विनही देवदूत नव्हता. कोसी या गोंड मुलीशी त्याने १९४० मध्ये केलेले लग्न आणि नंतरचा काडीमोड आठवला की गावात राहायला गेलेला माणूस गावाचे देणे फेडतोच असे म्हणता येत नाही. पण दोघांमधला पेच खरा होता. सेवेला फळ लागले पाहिजे आणि ते आपल्या टोपलीत पडले पाहिजे, असे मानायचे की नाही? आमच्या वार्षिक सभांत या पेचावर कुणी बोलत नाही. ब्लँकेटचा आकडा वाचला जातो, टाळ्या होतात.

बाहेर मात्र या प्रश्नावर बोलायला माणसे कमी नाहीत. १९५४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा राजधानी नागपूर होती आणि चांदा जिल्हा त्याच राज्यात होता. नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती. १९५६ मध्ये अहवाल आला: शाळा, दवाखाने, कर्जे यांच्या आडून धर्मांतर होते, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना माघारी जायला सांगावे, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर कायद्याने बंद करावा. अहवालाचा सूर एकांगी आहे असे मला वाटते, पण तो नुसता द्वेषातून निघाला होता हेही मला पटत नाही. रोगी खाटेवर पडलेला असताना उशाशी पुस्तिका ठेवणारे हात आमच्यात होते. आजही क्वचित असतात.

नियोगींच्या गोष्टीला पुढचा अध्याय आहे आणि तो आमच्याच शहरापर्यंत येतो. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली. दीक्षा घेणाऱ्यांत खुद्द न्यायमूर्ती नियोगी होते. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चांद्याला आले आणि इथल्या मैदानावर प्रचंड जनसमुदायाने दीक्षा घेतली. आज ती चंद्रपूरची दीक्षाभूमी. आता विचार करा. गरिबाला धर्म कळत नाही, तो तांदळाला, औषधाला, ब्लँकेटला भुलतो, हे गृहीतक चौकशी समितीच्या कागदांत होते आणि मिशनच्या देणगीदारांना जाणाऱ्या पत्रांतही होते. एकाने त्यावर बंदी मागितली, दुसऱ्याने निधी मागितला. चांद्याच्या मैदानावर आलेल्या माणसांना कुणी काही वाटले नव्हते. बैलगाड्यांतून, पायी, स्वतःची भाकर बांधून ती आली आणि विचार करून त्यांनी धर्म बदलला. दोन्ही बाजूंचे गृहीतक एका दिवसात खोटे पडले. ख्रिस्ती माणसाने हे शिकायला दूर जायची गरज नाही, दीक्षाभूमी आमच्याच शहरात आहे.

म्हणून धर्मांतराच्या आरोपावर आमची मंडळी जे नेहमीचे उत्तर देते ते मला अपुरे वाटते. ‘आम्ही फक्त सेवा करतो’ असे आम्ही म्हणतो आणि बॅनरवरून चर्चचे नाव काढून कुठल्याशा संस्थेचे टाकतो. लपवले की संशय वाढतो. त्यापेक्षा नाव ठळक लिहावे आणि सोबत स्वतःला एक नियम घालून घ्यावा: जिथे वस्तू दिली जाते तिथे प्रार्थना नाही. प्रार्थना आमच्या घरी, आमच्या चर्चमध्ये, आमच्या वेळी. ज्याला यायचे त्याला दार उघडे. नियम कायद्याच्या भीतीने घालायचा नाही. संविधानाच्या २५व्या कलमाने धर्म पाळण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. न्यायालयातला तो वाद वकिलांनी लढावा. माझी हरकत साधी आहे. हातात ब्लँकेट धरलेल्या माणसाला ‘आमेन’ म्हणायला लावले, तर ते त्याचे आमेन राहत नाही.

आमच्याकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्यांकडूनही मला अपेक्षा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मध्य प्रदेशातल्या सतना इथे नाताळगीते म्हणायला निघालेल्या धर्मगुरूंना आणि विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले, त्यांची गाडी जाळली गेली. ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करणाऱ्या ग्रॅहॅम स्टेन्सला दोन मुलांसह जानेवारी १९९९ मध्ये जिवंत जाळले. गडचिरोलीत आणि चंद्रपुरात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्काही नाही. इतक्या थोड्या माणसांच्या ब्लँकेटला घाबरावे लागत असेल, तर घाबरणाऱ्याने स्वतःच्या घरातली थंडी एकदा तपासावी.

असो. संशयाचा विषय निघाला की आम्ही बचावाला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. तो असा की आमच्या चर्चने या जिल्ह्यांत जे खरे काम केले ते डिसेंबरात केले नाही. १९६२ मध्ये पोपनी चांद्याची स्वतंत्र धर्मप्रांतासारखी रचना करून ती केरळच्या सीएमआय या धर्मसंघाकडे सोपवली. केरळातल्या सिरो-मलबार चर्चला केरळबाहेर मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. १९७७ मध्ये त्याचा रीतसर धर्मप्रांत झाला, मुख्य चर्च बल्लारपूरला. सुरुवातीच्या वर्षांत नारळाच्या प्रदेशातून आलेली ती तरुण माणसे सागवानाच्या, कोळशाच्या आणि कागद कारखान्याच्या मुलखात उतरली. मराठी अडखळत शिकली. ‘ळ’ त्यांना आपल्याहून सोपा गेला, क्रियापदांनी मात्र छळले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून सिस्टर आल्या, नर्स आल्या. ब्रह्मपुरीचे ख्रिस्तानंद रुग्णालय किंवा चंद्रपूरचे ख्राइस्ट हॉस्पिटल या नावांशी आमच्या भागातल्या किती घरांची बाळंतपणे, साप चावल्याच्या किती रात्री जोडलेल्या आहेत. सिरो-मलबार परंपरेत नाताळाआधी पंचवीस दिवसांचा उपास असतो. तो धरून रात्रपाळी करणारी नर्स मध्यरात्रीच्या मिसेला जात नाही, कारण वॉर्डात सलाइन बदलायचे असते. तिचा फोटो कुठल्याही अहवालात नसतो. सिरोंच्याला मेथडिस्टांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम सुरू केले तेव्हा तिथे जायला धड रस्ताही नव्हता. गोदावरी-प्राणहितेच्या पाण्याने पावसाळ्यात गावे तुटायची. तिथे गेलेला माणूस संध्याकाळी परतूच शकत नव्हता. गैरसोयीमुळे का होईना, त्याला राहावे लागे.

राहणे हा शब्द इथे फार महत्त्वाचा, आणि त्याची सर्वांत मोठी उदाहरणे आमच्या चर्चबाहेरची आहेत हे मान्य करायला मला संकोच वाटत नाही. बाबा आमट्यांनी हेमलकसाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला तो दिवस २३ डिसेंबर १९७३. ऐन नाताळच्या तोंडावर. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे गेले ते राहण्यासाठीच. सुरुवातीचा मोठा काळ तिथले माडिया आदिवासी त्यांच्याकडे फिरकले नाहीत, ते थांबले. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आदिवासींसाठी दवाखाना बांधायचे ठरवले तेव्हा दवाखाना कसा हवा हे लोकांनाच विचारले. मोठी इमारत नको, झोपड्यांसारखा हवा, आणि दवाखान्यात देवी हवी, असे उत्तर आले. दवाखान्याला नाव पडले मा दंतेश्वरीचे. आमच्या मंडळीतल्या वडीलजनांना मी एकदा विचारले होते: आपण बांधलेल्या दवाखान्याला दंतेश्वरीचे नाव देऊ का? खोली शांत झाली. मग कुणीतरी चहा आणला. उत्तर अजून मिळालेले नाही, पण चहा चांगला होता.

बंग दाम्पत्याच्या कामातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. नवजात बाळे मरत होती, आणि डॉक्टर गावोगाव पोहोचणे शक्य नव्हते. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवले: बाळाचे वजन कसे करायचे, श्वास कसा मोजायचा, इंजेक्शन कधी द्यायचे. ३९ गावांतल्या या कामाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गावातली आरोग्यदूत बाई दुसऱ्या दिवशीही गावातच असते. तिच्यापुढे मान खाली घालायची वेळ कुणावर येत नाही, कारण ती कुणाची तरी काकू किंवा वहिनी असते.

मग ब्लँकेट वाटायचेच नाही का? वाटा. गडचिरोलीची थंडी थट्टा करण्यासारखी नाही, आणि इथे तिचा एक जीवघेणा अर्थ आहे. या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अंग थंड पडले, पाणी कमी पडले, श्रम जास्त झाले की पेशी अडकण्याचे प्रमाण वाढते आणि हाडे फोडणाऱ्या कळा सुरू होतात. अशा मुलाच्या घरी दिलेले ब्लँकेट म्हणजे उपचारच. पण तो मुलगा कोणत्या घरात आहे हे कळायला गाव माहीत हवे. रोज हायड्रॉक्सियुरियाची गोळी घेतो की नाही, गोळ्या संपल्या आहेत का, रक्त चढवायची वेळ आली तर रक्तपेढीत कोण जाणार, हे माहीत हवे. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, हे लग्नाआधी कुणीतरी समजावून सांगायला हवे, आणि ते सांगायला विश्वासाचे माणूस लागते. डिसेंबरात एकदा येणाऱ्याला यातले काहीच करता येत नाही. दीडशे ब्लँकेटांऐवजी वीस घरांची वर्षभराची जबाबदारी घेतली तर अहवालातला आकडा लहान होईल, एवढीच अडचण. आमच्या पोरांनी नाताळच्या सुट्टीत केकच्या आधी रक्तदान केले तर तेही चालेल; रक्ताच्या पिशवीवर धर्म लिहिलेला नसतो, फक्त गट असतो.

आणखी एक काम आहे. बेथलेहेमची गोष्ट कागदापासून सुरू होते हे आम्ही विसरतो. सरकारी नोंदणी नसती तर तो प्रवास झाला नसता. आमच्या जंगलातल्या माणसाचे अर्धे आयुष्य असल्याच नोंदीत अडकलेले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाचा चार हेक्टरपर्यंतचा हक्क मान्य केला. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. कुणाचा दावा ग्रामसभेत मंजूर होऊन उपविभागीय समितीत पडून आहे, कुणाचा फेटाळला गेला आणि का ते त्याला कळलेलेच नाही. आमच्या मंडळीत वेस्टर्न कोलफील्ड्समधून, वीज केंद्रातून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेले किती तरी लोक आहेत. फाईल कोणत्या टेबलावर अडते, अपिलाची मुदत कधी संपते, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? उपासनेनंतर चर्चच्या कट्ट्यावर बसून देशाचे राजकारण सोडवणारी ही मंडळी महिन्यातून एक शनिवार आलापल्लीला किंवा धानोऱ्याला टेबल टाकून बसली आणि नुसते अर्ज लिहून दिले, तर ती सेवा ब्लँकेटहून जास्त काळ टिकेल. शिवाय अर्ज लिहून घेणारा माणूस मिंधा होत नाही. हक्क त्याचाच असतो, आपले फक्त अक्षर.

आणि ही कामे करायला जायचे तर कुणाला विचारून? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे ते गाव, जिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला. असल्या गावात ‘आम्ही शनिवारी येतोय, लोकांना जमवून ठेवा’ असा निरोप पाठवणे म्हणजे निव्वळ उद्धटपणा. आणि गाव मेंढ्यासारखे नसले तरी कायदा त्यालाही लागू आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना आपल्या परंपरा, आपली साधनसंपत्ती आणि आपले तंटे सांभाळायला समर्थ मानणारा पेसा कायदा १९९६ चा. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती तारीख २४ डिसेंबर.

नाताळची पूर्वसंध्या आणि पेसा दिवस एकच. आमची गाडी गावात शिरते त्याच सुमारास, कॅरोल म्हणायला, हातात मेणबत्त्या घेऊन. त्या दिवशी त्या गावातला यजमान कोण, याबद्दल कायद्याने काही शंका ठेवलेली नाही. आम्ही मात्र शाळेच्या ओट्यावर माइक लावतो आणि सरपंचाला ‘दोन शब्द’ बोलायला सांगतो, जणू तो आमच्या कार्यक्रमाचा प्रमुख पाहुणा.

तेव्हा चर्चच्या मागच्या खोलीत गठ्ठे मोजणाऱ्या माझ्या माणसांना एवढेच सांगायचे आहे. यंदा ग्रामसभेला आधी पत्र लिहा. येऊ का, कधी येऊ, काय लागेल, काय नको, हे विचारा. नको म्हणाले तर जाऊ नका, रागावूही नका. या म्हणाले तर मळणीचा दिवस टाळून, त्यांच्या सोयीने जा. माइक घरी ठेवा आणि परतीची वेळ ठरवू नका. आणि कुणी द्रोण पुढे केला तर खाली बसा, शेंगा सोला, खा.